पडदा कोणीं सरकवावा ?

या सदरांत संगणकावरील खेळांविषयीं लिहावें असा आमचा मुळींच विचार नव्हता. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या घरींच एक खटला उभा राहिला आणि न्यायाधीशाची खुर्ची आमच्याकडे आली, तेव्हां गप्प बसणें अशक्य झालें.

आमचा थोरला नातू यंदां अकरावींत आहे. सुटींत त्यानें स्वतःचा एक खेळ रचला. एक मुलगा आणि एक मुलगी डोंगरदऱ्यांतून उड्या मारीत जातात, एवढाच त्याचा विषय. खेळ तयार झाल्यावर पहिला मान अर्थातच आजीचा. आमच्या सौभाग्यवती मोठ्या कौतुकानें चष्मा पुसून पुढें सरसावल्या, पण पुरतीं दोन मिनिटेंही झालीं नसतील, तोंच डोळे मिटून म्हणाल्या, "अरे, तें तुझें चित्र जरा एका जागीं बसेल का? मला बोटींत बसल्यासारखें गरगरतें आहे."

दोष चित्रांत नव्हता कीं रंगांत नव्हता. तो चित्र दाखविण्याच्या रीतींत होता. हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. अशा खेळांतील जग पडद्याहून पुष्कळ लांबरुंद असतें आणि एका वेळीं त्याचा एकच तुकडा आपणांस दिसतो. कोणता तुकडा दाखवावयाचा, तो केव्हां व किती वेगानें सरकवावयाचा, हें ठरविणाऱ्या योजनेस 'कॅमेरा' म्हणतात. खराखुरा कॅमेरा तेथें कोठेंच नाहीं, आहे तो केवळ हिशेब. नातवानें हिशेब अगदींच सोपा केला होता : पात्र जेथें, तेथें पडद्याचा मध्य. परिणाम असा कीं, मुलानें उडी मारली म्हणजे तो स्वतः पडद्यावर स्थिर, आणि डोंगर, झाडें, आकाश मात्र खालीं-वर ! शंभर उड्या म्हणजे शंभर भूकंप.

हा प्रश्न आमच्या नातवाहून बराच जुना आहे. पुष्कळ जुन्या खेळांत पडदा सरकतच नसे. पात्र कडेला पोंचलें कीं सबंध देखावा पालटे, पिंगुळीच्या चित्रकथ्यानें एक चित्र ठेवून दुसरें उचलावें तसा. १९८९ सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' असाच एकेक दालन पालटीत जातो. १९८५ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' मात्र जुन्या जन्मपत्रिकेच्या भेंडोळ्यासारखा आहे. उजवीकडे कागद सुटत जातो आणि डावीकडे गुंडाळला जातो. पुढची पट्टी दृष्टीस पडण्यापूर्वींच यंत्र ती गुपचूप काढून ठेवतें, म्हणून सांधा कोठें दिसत नाहीं. गुंडाळलेला भाग पुन्हां उघडत नाहीं. मागें राहिलेलें नाणें मागेंच राहतें.

पण पुढचें संकट किती आधीं दिसावें ? खेळ न्यायाचा कीं अन्यायाचा, हें पुष्कळसें येथेंच ठरतें. १९८१ च्या 'डिफेन्डर' या अमेरिकन खेळांत यान पडद्याच्या मध्यावर नसून मागच्या कडेकडे असतें, आणि त्यानें तोंड फिरविलें कीं तें सरकत दुसऱ्या कडेला जातें. कारण पाहावयाचें असतें तें समोर, पाठीमागें नव्हे. याच्या उलट १९९१ चा 'सॉनिक' घ्या. त्याचा पडदा ३२० बिंदूंच्या रुंदीचा, आणि कॅमेरा दर चित्रास १६ बिंदूंहून अधिक धांवूं शकत नाहीं. जपान-अमेरिकेंत हीं चित्रें सेकंदाला ६० पडत. पात्र मध्यावर धरलें तर समोर उरतात १६० बिंदू, म्हणजे भर वेगांत अवघीं दहा चित्रें, म्हणजेच सेकंदाचा सहावा भाग. तेवढ्यांत समोरचा कांटा ओळखून बोट हलवावयाचें ! आमच्या वयाच्या माणसानें त्या भानगडींत न पडलेलें बरें. पुढें १९९३ च्या 'सॉनिक सीडी'त वेग वाढला कीं कॅमेरा पुढें सरकूं लागला आणि समोरचा भाग अधिक दिसूं लागला.

नातवास औषध सांपडलें तें १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्यें. तेथें साध्या उडीनें पडदा जागचा हलत नाहीं. पाय नव्या उंचीवर टेकले म्हणजे मग तो वर चढतो. दोन पावलें मागें घेतलीं म्हणून तो लगेच फिरतही नाहीं; खेळणारा खरोखरच परत निघाला आहे अशी खात्री पटावी लागते. मुरलेला तबलजी गवयाच्या प्रत्येक हरकतीमागें धांवत नाहीं, ठेका धरून बसतो आणि समेवर बरोबर भेटतो, त्यांतलाच हा प्रकार. आठ दिवसांनीं सौभाग्यवती पुन्हां बसल्या. तीन वेळां दरींत पडल्या, पण गरगरलें नाहीं.

येथवर सारें गोड झालें. खरा खटला उभा राहिला तो नऊ वर्षांची नात खेळावयास बसली तेव्हां. दादा पुढें धांवला, पडदा त्याच्यामागें धांवला, आणि मागें राहिलेली मुलगी कडेबाहेर जाऊन मेली. "दादा, मी कांहींच चुकलें नाहीं ! मी मला दिसतच नव्हतें !" असें म्हणून ती रडूं लागली.

हें ऐकून आमचे थोरले चिरंजीव, म्हणजे या मुलांचे वडील, एकाएकीं हंसले. नव्वदच्या दशकांत आमच्या घरीं कॅसेटचा टीव्ही-गेम होता आणि त्यांत 'कॉन्ट्रा' होता. १९८८ च्या या घरगुती खेळांतील धबधब्याच्या टप्प्यांत पडदा वर वर चढतो, आणि जो खालच्या कडेच्या बाहेर राहील त्याचा जीव जातो. थोरला भराभर चढे आणि धाकटा मरे. "मी मुद्दाम करीत असें, बाबा," हें चिरंजीवांनीं आतां, तीस वर्षांनीं सांगितलें ! त्या वेळीं आम्हीं काय केलें ? कॅसेट कपाटांत टाकली आणि धाकट्यास रडका म्हटलें. तो आज परदेशीं असतो. रविवारीं त्याचा फोन आला तेव्हां आम्हीं ही हकीकत त्याच्या कानांवर घातली. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "बाबा, तुम्हांला आठवतें अजून ?"

नातवापुढें दोन वाटा होत्या. मागें राहिलेल्यास उचलून पुढच्याजवळ ठेवणें ही एक. पण नातीस ती अपमानास्पद वाटली. दुसरी वाट १९८५ च्या 'गॉन्टलेट'ची. तेथें चौघे खेळतात, पडदा सर्वांच्या मधोमध राहतो आणि कोणासही कडेबाहेर जातां येत नाहीं. आम्हीं याच बाजूनें निकाल दिला व त्याची तत्काळ अंमलबजावणी झाली.

काल संध्याकाळीं दोघें पुन्हां खेळत होतीं. दादा उजव्या कडेला जाऊन थडकला होता आणि जागच्या जागीं पाय हलवीत होता. नात पहिल्याच दगडावर निवांत उभी होती आणि पेरू खात होती.

"आजोबा, हिला सांगा ना !" आंतून हांक आली. आम्हीं वर्तमानपत्र डोळ्यांपुढें धरलें.