घरची माती, भाड्याची मॅट

आमच्या कॉलेजची कबड्डीची टीम घरच्या ग्राउंडवर हरली, त्याला पंधरा दिवस होऊन गेले. पोरं सावरली, पुन्हा पहाटे पळायला लागली. सावरले नाहीत ते फक्त एक गृहस्थ. त्यांचं दुःख एवढं दांडगं की ते त्यांना मांडवात, माईक धरून, शाल-नारळ घेता घेता व्यक्त करावं लागलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. सत्कारमूर्तीला मध्येच तोडायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून गप्प बसलो. ती कसर इथे भरून काढतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. घरचं मैदान, घरची माणसं, घरचं पाणी, एवढं असून हरणं म्हणजे तालुक्याच्या तोंडाला काळं. पोरं मऊ पडली, मोबाईलवर वाढली. वर आपल्याच लोकांनी शेवटी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या, म्हणजे लाजही विकून खाल्ली. आणि त्यांच्या काळी घरच्या मातीत येऊन हरवायची कुणाची टाप नव्हती. आणखीही बरंच बोलले, पण ते ते प्रत्येक सत्कारात बोलतात.

घरच्या पाण्याचं आधी उरकून टाकू. मी लोणीचा. आमच्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, तेव्हा आमच्यापुढे तरी घरच्या पाण्याच्या गप्पा नकोत. मऊपणाचं म्हणाल, तर आमच्या टीमचा डावा कोपरा पहाटे दोन गाईंच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून, मग एसटीला लोंबकळत कॉलेजात येतो. यापेक्षा कडक पोरगं हवं असेल तर ते भट्टीत भाजूनच काढावं लागेल.

आता मुख्य मुद्दा. घरचं मैदान, घरचं मैदान म्हणून हे जे चाललंय, ते मैदान घरचं होतं का?

जागा आमची होती, कबूल. पण कबड्डी जागेवर खेळत नाहीत, पायाखाली जे असतं त्यावर खेळतात. आमची पोरं वर्षभर मुरूम-मातीवर, अनवाणी, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांत सराव करतात. सामन्याच्या सकाळी टेम्पोतून भाड्याची मॅट आली. चौकोन एकमेकांत अडकवले, सांध्यांवर चिकटपट्टी मारली. तेरा मीटर बाय दहा मीटरचं निळं-पिवळं परकं मैदान दोन तासांत आमच्या मातीवर अंथरून झालं. आमच्या पोरांना त्यावर हात-पाय मोकळे करायला मिळाला अर्धा तास. पाहुणे शहरातले, त्यांचा रोजचा सराव हॉलमधल्या मॅटवर. मॅटवर बूट लागतात. आमच्यातल्या तिघांचे मागून आणलेले होते, आणि डाव्या कोपऱ्याच्या उजव्या बुटात पुढे मोजा कोंबलेला मी स्वतः पाहिला, कारण तो कोंबायला मोजा माझ्याच पुतण्याने दिला. आता सांगा, त्या दिवशी घरी कोण खेळत होतं आणि पाहुणा कोण होता?

हा फरक किती, ते शेवटच्या तीन मिनिटांत कळलं. आम्ही दोन गुणांनी मागे. पाहुण्यांच्या दोन चढाया कोऱ्या गेलेल्या, म्हणजे तिसरीत गुण घ्यायचा नाहीतर बाद व्हायचं. आमचे मैदानात तिघे. तिघांत पकड झाली तर ती अव्वल पकड, दोन गुण, बरोबरी. ग्राउंडवर एवढी शांतता की त्या चढाईपटूचा 'कबड्डी, कबड्डी' हा दम मला दोरीमागे ऐकू येत होता. तो डावीकडे झुकला आणि आमच्या कोपऱ्याने घोटा धरला. हीच पकड त्याने मातीवर शंभरदा केलेली मी बघितली आहे. मातीत वळताना चढाईपटूचा टेकलेला पाय अर्ध्या वितीने सरकतो, आणि आमचं पोरगं त्या सरकण्यावरच जगतं. मॅटवर पाय सरकला नाही. बूट जागच्या जागी चिकटला, त्यावर तो गडी भोवऱ्यासारखा फिरला. आधाराला आलेले आमचे दोघेही त्याला लटकले, आणि तिघांना ओढत त्याने मध्यरेषेवर बोटं टेकवली. तिघे बाद, तीन गुण. मैदान रिकामं, म्हणून लोणाचे दोन. एका चढाईत पाच. बरोबरी होणार होती तिथे आम्ही सात गुणांनी मागे पडलो आणि पुढे सहाने हरलो. लोणीच्या माणसाने लोणाचं एवढं रसभरीत वर्णन करावं हा दैवदुर्विलास, पण असो.

यात लाज कुठे आली? शिकलेली पकड शिकलेल्या जागी केली, जमीन बदलली होती एवढंच.

आता कुणी म्हणेल, हे मॅटचं रडगाणं झालं, थोरामोठ्यांचं तसं होत नाही. होतं, चांगलं होतं. आपल्याच पुणे जिल्ह्यात, गहुंज्याला, फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता. पाहुणे फिरकीत सापडतील, असा घरचा हिशेब. त्या खेळपट्टीवर आपण १०५ आणि १०७ मध्ये गुंडाळलो गेलो, पाहुण्यांच्या ओकीफने दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा गडी उचलले, आणि आपण ३३३ धावांनी हरलो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने वर त्या खेळपट्टीला 'खराब' असा शेराही मारला. एवढ्यावर शहाणपण यावं, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच गहुंज्याला न्यूझीलंडच्या सँटनरने तेरा बळी घेतले, आणि मायदेशात बारा वर्षांत न हरलेली कसोटी मालिका आपण हरलो. घर आपलं, फिरकी आपली, मातीसुद्धा आपली. त्या वेळी आमचे गृहस्थ कुठल्या मांडवात होते?

लांबचं हवं असेल तर अमेरिकेचं घ्या. तिथे कॉलेजच्या बास्केटबॉलला आपल्या यात्रेसारखी गर्दी लोटते. केंटकी विद्यापीठाचा संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. त्यांनी इव्हान्सव्हिल नावाच्या लहानशा विद्यापीठाला आपल्या वीसेक हजारांच्या बंदिस्त मैदानात खेळायला बोलावलं, आणि येण्याबद्दल नव्वद हजार डॉलर मोजले. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाहुण्यांनी ते पैसेही घेतले आणि सामनाही घेतला, ६७-६४. गंमत म्हणजे पाहुण्यांचा प्रशिक्षक एके काळी केंटकीकडूनच खेळलेला. आम्ही निदान भाडं फक्त मॅटचं भरलं.

आणि कबड्डीला 'आपला घरचा खेळ' म्हणून जे छाती फुगवतात, त्यांनी २०१८ चं जकार्ता विसरू नये. एशियाडमध्ये १९९० साली कबड्डी आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण आपल्याच घरात होतं. तिथे इराणने आपल्याला उपांत्य फेरीत २७-१८ ने बसवलं. महिलांची अंतिम लढतही इराणनेच २७-२४ ने मारली, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. घरचं घरचं म्हणता ते विद्येच्या पायाने केव्हाच बाहेर गेलं. ते बाहेर गेलं याचा मला तरी आनंदच वाटतो.

'आमच्या काळी'ला उत्तर द्यायला मला फार वेळ नाही. याच गृहस्थांशी माझा जुना वाद आहे. त्यांच्या काळी शर्यतीचे बैल घाटातून जास्त वेगाने जायचे, असं ते छातीठोक सांगतात. मी विचारलं, सेकंदाचं घड्याळ कुणाच्या हातात होतं? म्हणाले, घड्याळ कशाला, डोळे होते. तसंच हुतूतूचं. कुठल्या हुतूतूत त्यांना कुणी हरवलं नाही, ते एकदा ठरवावं. त्या काळी तो तीन तऱ्हांनी खेळत. 'संजीवनी'त बाद झालेला गडी परत उठायचा, 'गेमिनी'त उठायचा नाही, आणि 'अमर'मध्ये बाद होऊन कुणी बाहेरच जायचं नाही, नुसते गुण मोजायचे. माझा अंदाज, गृहस्थ अमर खेळत असावेत.

बैलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माघ पौर्णिमेला धामणीला खंडोबाची यात्रा भरते. घाटात बारी लागते, गाडे एकेक करून सुटतात, सेकंद पुकारले जातात. धामणीच्या बैलाने धामणीतच पहिला यावं असा नियम कुणी काढलेला मी ऐकला नाही. बाहेरगावचा गाडा कमी सेकंदात गेला की टोप्या उडतात, फेटा बांधला जातो, आणि यजमानच त्याला जेवायला थांबवून घेतो. २०१४ पासून डिसेंबर २०२१ पर्यंत शर्यती बंद होत्या, तेव्हा घाटात गवत उगवलं होतं. त्या सात वर्षांत घरच्या घाटात कुणीच हरलं नाही. तो काळ गृहस्थांना फार अभिमानाचा गेला असेल.

टाळ्यांबद्दल. त्या मीही वाजवल्या. तीन गड्यांना ओढत मध्यरेषा गाठणाऱ्यासाठी हात वर येत नसतील, तर दोरीला टेकून उन्हात उभं राहायचंच कशाला? गर्दीने पोरांवर दडपण आलं, असंही गृहस्थ एका वाक्यात म्हणाले आणि दुसऱ्या वाक्यात गर्दी असून जिंकले नाहीत म्हणाले. दोन्हीपैकी एक ठेवा. २०२० साली करोनात जर्मनीतले फुटबॉलचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा यजमानांचे विजय घटले आणि पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डंही घटली. म्हणजे गर्दीचा जो काही फायदा, तो बराचसा पंचांच्या कानातून येतो. आमचे पंच त्या दिवशी बहिरे निघाले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मग तुमचं म्हणणं काय, असं मला विचारतील. फार नाही. सत्काराच्या शाली चार वर्षं थांबवल्या तर निम्मी मॅट येईल, उरलेली वर्गणीतून. तोवर सामन्याच्या आधी महिनाभर भाड्याची आणावी. बूट ज्याच्या त्याच्या मापाचे घ्यावेत. आणि सामने घरीच ठेवावेत, हरलो तरी. बाहेरगावी हरलेली टीम आम्हाला पेपरात चार ओळींत कळते. घरी हरली तर कोण कुठे चुकलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोर मातीत तीच पकड करून बघतं. हे मी गेल्या पंधरा दिवसांत आमच्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी बघतोय. गृहस्थांनी यावं, चहा माझ्याकडे.

त्या दिवशी सामना संपल्यावर मॅट गुंडाळायची होती. टेम्पोवाला घाई करत होता. आमची पोरं सांधे सुटे करायला बसली, तशी पाहुण्यांतली चौघंही बसली. तो भोवऱ्यासारखा फिरलेला गडी आमच्या कोपऱ्याच्या शेजारीच चिकटपट्टी उचकटत होता. दोघं काय बोलले, ऐकू आलं नाही.

शेवटची एसटी गेली होती, म्हणून डावा कोपरा माझ्या गाडीवर मागे बसला. मागून आणलेले बूट त्याच्या मांडीवर, पिशवीत. अर्धा रस्ता गप्प होता. मग म्हणाला, "नाना, तिसऱ्या चढाईला मी घोट्याला गेलो, ते चुकलं ना?"

"चुकलं," मी म्हणालो. "मॅटवर मांडीला जायचं."

"मांडीला कसं जायचं?"

ते मला येत नव्हतं. मी गाडीचा वेग थोडा कमी केला.