दारूगोळ्याची भूमी आणि शुद्धीचा खर्च

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे भाताचे व कोसा कापडाचे गाव. लष्करी भूमीच्या शुद्धीशी त्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. परंतु याच भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. अपघाताची चर्चा झाली, व ती योग्यच होती. मात्र असे कारखाने, कोठारे व गोळीबाराची मैदाने यांच्या भूमीत जे वर्षानुवर्षे मुरू शकते, त्याच्या शुद्धीचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न मागेच राहिला.

आरडीएक्स हे स्फोटक द्रव्य मातीस फारसे चिकटत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरून ते भूजलास मिळते. टीएनटी मातीत अधिक धरून राहते. मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ बाबींत यांपैकी एकही नाही, म्हणून पत्रिका चांगली आली एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही. आंधळगावच्या विहिरींत असे काही आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जेथे कारखाना वा कोठार शेजारी आहे, तेथे तपासणी व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या कोठाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण दगावले. त्यांत जवळच्या खेड्यांतील मजूर होते. जुना दारूगोळा नाहीसा करणे हेही शुद्धीचेच काम होय. त्यास पुरेसा निधी नसेल, तर भार अखेर मजुरावर पडतो.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांविषयी नियम केले. संशयित स्थळाची नोंद स्थानिक संस्थेने वा जिल्हा प्रशासनाने करावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, आणि दूषण करणाऱ्याने खर्च सोसावा, अशी त्यांत व्यवस्था आहे. नियम चांगले आहेत. पण दारूगोळ्याचे कारखाने २०२१ पासून सरकारी कंपनीकडे आहेत. म्हणजे देणारा सरकार व मागणाराही सरकार. एका खिशातून दुसऱ्या खिशात जावयाचा पैसा बहुधा पहिल्याच खिशात राहतो!

अमेरिकेने १९८६ साली संरक्षण खात्याच्या जागांच्या शुद्धीसाठी कायद्याने स्वतंत्र कार्यक्रम व निधी उभारला. सोडून दिलेल्या लष्करी जागाही त्यात येतात. काम तेथेही रेंगाळले आहेच. तथापि खर्च दरवर्षी लोकप्रतिनिधींपुढे मांडावा लागतो. आपल्या संरक्षण खर्चातही असे स्वतंत्र शीर्ष असावे, आणि पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत.

तोपर्यंत अशा जागांलगतच्या गावांतील कार्यकर्त्यांनी विहिरी, बोअर व तलाव यांची यादी करून, ग्रामसभेच्या ठरावासह तपासणीची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. शेतात धातूची अनोळखी वस्तू आढळल्यास तिला हात न लावता पोलीस पाटलांस कळवावे. भंगाराच्या भावासाठी ती घरी आणू नये.