स्लाइडमधील चलचित्र : सोय आणि सावधानता

स्नेहपाक सिद्ध झाल्याची लक्षणे सांगताना तैलात फेनोद्गम आणि घृतात फेनशांती असा भेद शास्त्रकारांनी केला आहे. हे वाक्य पडद्यावर कितीदा वाचून दाखविले तरी नवशिक्या औषधनिर्मात्यास तो क्षण ओळखता येईलच असे नाही. आणि तो हुकला की पाक दग्ध होऊन द्रव्य वाया जाते. अर्ध्या मिनिटाच्या चलचित्राने हाच भेद स्पष्ट होतो. म्हणून व्याख्यान चालू असताना स्लाइडमधूनच चलचित्र अथवा अन्य प्रोग्रॅम सुरू करण्याची सोय वैद्यांनी आत्मसात करणे अगत्याचे आहे.

परंतु ऐन सभागृहात चित्रच न उमटणे हाही नित्याचा अनुभव. पॉवरपॉइंट २००७ पर्यंत चलचित्र फाइलबाहेर राही. स्लाइडमध्ये केवळ त्याचा पत्ता असे. सादरीकरण तेवढे पेनड्राइव्हवर घेतले की पत्ता चुके. २०१० च्या आवृत्तीपासून चलचित्र फाइलमध्येच अंतर्भूत करता येते. स्लाइडवरील बटणाने सुरू होणारा प्रोग्रॅम मात्र सभागृहातील संगणकावरही असावा लागतो. फ्लॅशवर बेतलेली सादरीकरणे तर २०२० अखेर त्याचा आधार संपल्यावर निरुपयोगी ठरली.

आमचे मत स्पष्ट आहे. शब्दांनी कळते त्यासाठी यंत्राचा खटाटोप नको. डोळ्यांनीच कळते ते अवश्य दाखवावे. रुग्णाचे चित्रण असल्यास त्याची संमती घ्यावी. संयोजकांनीही प्रत्येक वक्त्यास पूर्वतपासणीसाठी वेळ राखून ठेवावा, ही आग्रहाची विनंती.