म्हणे फोन जुना आहे!

शनिवारी तोरणा उतरून वेल्ह्यात खानावळीत टेकलो. काका म्हणाले, "तुमचं ते ऑर्डरचं अ‍ॅप मंगळवारपासून बंदच आहे हो!" मंगळवारी मीच सर्व्हरवर टीएलएस १.० आणि १.१ बंद करून ऑफिसात मिरवलं होतं. बंद केलं ते बरोबरच. मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ ने दोन्ही बाद केलेत. पण "फोन जुना, आम्ही काय करणार?" हे आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे निव्वळ आळस! काकांच्या अँड्रॉइड ४.४ ला टीएलएस १.२ येतं, फक्त अ‍ॅपने ते चालू करावं लागतं (५.० पासून आपोआप चालू असतं). म्हणजे चूक माझ्या कोडची. आधी आठवडाभर लॉगमध्ये प्रोटोकॉल नोंदवला असता तर तेव्हाच दिसली असती. रात्री दुरुस्त करून काकांना नवं अ‍ॅप पाठवलं. आणि "१.० परत उघड, कशाला डोक्याला ताप" म्हणणाऱ्या मित्रांनो, साफ नाही!