शेण काय डाऊनलोड करू का?

परवा कँटीनमध्ये एका मित्राने सेंद्रिय तूरडाळीचं पाकीट नाचवत जाहीर केलं, "रासायनिक खत म्हणजे विष. शेतकरी आळशी झालेत, म्हणून युरिया फेकतात." मंडळी, माझं गाव जालना जिल्ह्यातलं, अंबड तालुक्यात. घास घशाखाली उतरेना. तेव्हा गप्प बसलो. आज शनिवार आहे, आज नाही बसत.

आधी हिशोब (इंजिनिअरची खोड, चालवून घ्या). युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत! त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं, बाकीचं हळूहळू. गोणी काका मोटारसायकलवर आणतात. चार टन आणून दाखवा.

आणि आणायचं कुठून? २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, जनावरं छावण्यांत गेली. आमची बैलजोडी तेव्हाच विकली, परत काही घेतली नाही. आता ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टर शेण देत नाही. मागच्या दिवाळीत मी मोठ्या शहाणपणाने विचारलं, "काका, तुम्ही शेणखत का नाही टाकत?" तर म्हणाले, "शेण काय तुझ्या कंपूटरमधून डाऊनलोड करू का?"

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली. बास.

पण युरियावाल्यांनो, लगेच टाळ्या नकोत. इंग्लंडात रोदमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गहू पेरतायत. एका पट्टीत दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, दुसऱ्यांत रासायनिक खत. उत्पन्न बरंचसं सारखं, पण मातीतला सेंद्रिय कर्ब शेणखताच्या पट्टीत दुपटीहून जास्त. आमच्या कोरडवाहू कपाशीला कर्ब म्हणजे ओल. ऑगस्टात पावसाने दडी मारली की तोच कामाला येतो, युरिया नाही. काका हे ऐकून घेतात आणि पऱ्हाटी पेटवून देतात! यावरून आमचं दरवर्षी वाजतं.

तरी आळशी ते नव्हेत. २०१० मध्ये केंद्राने पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं आणि युरिया त्यातून वगळला. त्यामुळे युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १३५० ला. हातात मोजके पैसे असलेला माणूस काय उचलेल? युरियाच. स्फुरद, पालाश, जस्त राहतंय मागे.

आणि शेतातलं सत्व जातं कुठे? धान्य, भाजी, फळं होऊन आपल्याकडे, तिथून कचरा डेपोवर. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करायला सगळ्यात जास्त कटकट कोण करतं ठाऊक आहे? तोच तूरडाळवाला.

असो. येत्या मे महिन्यात दोन ट्रॉल्या शेणखताचे पैसे मी देतो, असं काकांना फोनवर सांगितलंय. अट एकच, पऱ्हाटी जाळायची नाही. युरिया बंद करा असं म्हणालो नाही. "बघू," म्हणाले.