नन्नाचा पाढा

क्रांती चौकाजवळ राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने सकाळी नळ सोडला, त्यातून नुसती हवा आली, आणि त्याने वहीत नोंद केली, 'जायकवाडी : नाही', तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तिकडे पैठणला धरण १९७६ पासून उभं आहे. आज पाण्याचा वार नसेल, कॉक फिरवलेला असेल, किंवा आमच्यासारखी टाकीची चावीच बंद असेल. पण नाही! नळ कोरडा, सबब धरण नाही.

या गृहस्थाला संगणकाच्या जगात कन्फिगर म्हणतात.

परवा रविवारी माझा भाचा आमच्याकडे एक जुना प्रोग्राम नव्या संगणकावर बांधत बसला होता. पडद्यावर ओळी सरसर जात होत्या. अमुक आहे का, येस. तमुक आहे का, येस. मग एकदम नो. मी पडलो कॉमर्सचा, पण 'नो' मला कळतं. काउंटरवर माझा निम्मा दिवस तेच म्हणण्यात जातो.

ही पद्धत १९९१ साली आलेल्या ऑटोकॉन्फने रूढ केली. कल्पना झकास आहे. यंत्राला कूळ-गोत्र विचारायचं नाही. चार ओळींचा चाचणी-प्रोग्राम कंपायलरपुढे टाकायचा. पचला तर ती सोय आहे, नाही पचला तर नाही. माझं भांडण या दुसऱ्या अर्ध्याशी आहे.

भाच्याच्या यंत्रात मजकूर मापात लिहिण्याची, ठरल्या जागेबाहेर सांडू न देण्याची सोय होती. पण चाचणीच्या त्या चार ओळी लिहिणाऱ्याने एका फंक्शनची ओळख करून न देताच त्याला हाक मारली होती. जुने कंपायलर नुसते कुरकुरत. २०२४ साली आलेल्या जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने ही चूक धरायला सुरुवात केली. म्हणजे प्रश्नपत्रिका चुकली आणि विद्यार्थी नापास! प्रोग्रामने मग आपली जुनी, बिनमापाची पद्धत वापरली. वर तो चाललाही, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

''मामा, कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये लिहिलेलं असतं,'' भाचा म्हणाला.

असेल. आमच्या स्ट्राँगरूममध्येही पुष्कळ काही लिहिलेलं असतं. बँकेला लोक नावं ठेवतात, ठेवोत. पण चेक परत करताना आम्ही कारणाची चिठ्ठी जोडतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटली. सही जुळली नाही म्हणून मी 'असा खातेदार जगात नाही' असा शेरा मारला, तर तो खातेदार संध्याकाळपर्यंत माझं अस्तित्व तपासून जाईल.

आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी इथे बसून प्रोग्राम बांधायचा असेल, तर चाचणी चालवून पाहताच येत नाही. तिथे हा गृहस्थ बऱ्याचदा अंदाजानेच 'नाही' ठोकतो.

जाणकार म्हणतात, शंका आली तर 'नाही' धरलेलं सुरक्षित. सुरक्षित? २०२४ च्या फेब्रुवारीत एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या अशाच एका तपासणीत कुणीतरी मुद्दाम एक टिंब घुसवलं. फक्त एक टिंब! चाचणी पचेना. तपासणीने निष्कर्ष काढला की लँडलॉक, म्हणजे प्रोग्रामला कुंपणात ठेवणारी लिनक्सची सोय, या यंत्रात नाहीच. पहारेकरी असा बिनबोभाट रजेवर गेला. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्याच प्रोग्राममधला मोठा चोरदरवाजा उघडकीला आणला, तेव्हा घराची झडती सुरू झाली आणि हे टिंब सापडलं.

त्या तपासणीला 'तपासता आलं नाही' असं म्हणायची मुभा असती, तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. हा तिसरा शेरा ठेवायला कितीशी शाई लागते?

भाच्याने चाचणीत वर एक ओळ घातली आणि पुन्हा चालवली. तेच यंत्र, तोच प्रश्न. येस.

''आधीच्या 'नो'बद्दल काही म्हणाला का तो?'' मी विचारलं.

''नाही.''