साडेनव्याण्णव टक्के परताव्याचा आकडा चोर्ला घाट ओलांडतो का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात ठेवलाच नाही. मांडवीतली कॅसिनो जहाजं आणि गोव्याच्या पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं मात्र या कायद्याबाहेर आहेत. म्हणजे बेळगाव-खानापूरकडच्या हौशी माणसाला जवळची कायदेशीर वाट उरली ती चोर्ला घाटातून खाली उतरायची.

तिकडं जाणारे एक आकडा हमखास सांगतात. स्लॉट मशीन लुटतं, पण व्हिडिओ पोकर नीट खेळलं तर शंभरातले साडेनव्याण्णव रुपये परत येतात म्हणे. आकडा खोटा नाही. पण तो अमेरिकेतल्या नेवाडातला, आणि तोही एकाच प्रकारच्या तक्त्याचा.

खेळ साधा आहे. यंत्र पाच पानं देतं, हवी ती ठेवायची, बाकीची एकदाच बदलायची. समोर दुसरा खेळाडू नाही, पत्ते वाटणारा नाही. बक्षिसं पडद्यावरच्या तक्त्यात दिलेली असतात. ‘जॅक्स ऑर बेटर’ या मूळ प्रकारात गुलाम किंवा त्यावरच्या पानांची जोडी आली की लावलेले पैसे परत. तक्त्यात बघायच्या जागा दोनच: फुल हाऊस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) आणि फ्लश, म्हणजे तीन पत्तीवाले ज्याला ‘कलर’ म्हणतात तो, फक्त इथं पाच पानांचा. एका कॉइनला फुल हाऊसचे 9 आणि फ्लशचे 6 मिळत असतील, तरच परतावा 99.54 टक्के. 8 आणि 5 असेल तर 97.30. 6 आणि 5 असेल तर 95. यंत्र तेच, पानं तीच, खेळण्याची मजाही तीच. बदलले ते दोन आकडे.

तासाला 500 डाव, प्रत्येक डावात पाच रुपयांचे पाच कॉइन, म्हणजे तासाला साडेबारा हजारांची उलाढाल. पहिल्या तक्त्यावर सरासरी तोटा 58 रुपये, दुसऱ्यावर 338, तिसऱ्यावर 625. एकाच खुर्चीत बसून दहापटीहून जास्त फरक पडतो.

बरं, हे आकडेही अचूक खेळणाऱ्याचे. बदामचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि बदामचीच चौकी हातात आली, तर फ्लश तयार आहे, सहा कॉइन पक्के. बहुतेक जण ते घेऊन मोकळे होतात. हिशेब सांगतो, चौकी टाका. उरलेल्या 47 पानांत एक बदामचा एक्का आहे, तो 800 पट देतो. बाकीच्या शक्यता धरून सरासरी साडेएकोणीस पडते. उलट हातात गुलामांची जोडी असेल आणि चार बदामही असतील, तर फ्लशच्या मागं धावू नये. जोडीची सरासरी दीडच्या वर, चार बदामांची सव्वाच्या आसपास. पाच कॉइन लावायचे, हाही नियमच. त्याहून कमी लावले तर रॉयल फ्लशला 800 पटींऐवजी 250 पटच मिळतात आणि परतावा टक्काभर घसरतो.

आणि हा रॉयल येतो साधारण 40 हजार डावांत एकदा. शनिवार-रविवारी सहा तास बसणाऱ्याचे डाव होतात तीन हजार. एकूण परताव्यातले जवळपास दोन टक्के त्या एका हातात अडकलेले आहेत. तो न दिसलेल्यांना, म्हणजे बहुतेकांना, 99.54 नव्हे तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास मिळतात.

आता आपल्याकडचा कर. सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर. जिंकलेले पैसे पुन्हा लावले तर त्यावर नाही. दहा हजार दिले आणि कर त्यातच धरला, तर खेळायला उरतात 7,143. यंत्राच्या साडेचार दशांश टक्क्याची चर्चा करायची कशाला? कॅसिनोनं कर स्वतः सोसला, तर तो तक्त्यातून वसूल करायचा मोह कुणाला होणार नाही? शिवाय पाच रुपयांच्या कॉइनवर रॉयल लागला, तर 20 हजारांतून 30 टक्के आयकर आधीच कापला जातो, आणि आधीचे हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. त्या एका कापणीनं परतावा आणखी अर्धा टक्का उतरतो.

नेवाडाच्या नियमात पत्त्यांच्या यंत्रावर खऱ्या कॅटइतकीच प्रत्येक पानाची शक्यता ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून तिथं तक्ता वाचून परतावा काढता येतो. गोव्यात 1976 च्या जुगार कायद्यात 1992 ला यंत्रांची सोय झाली, पुढं जहाजांवरच्या टेबलांची. ज्या कलमानं हे झालं, त्यात सरकारनं घालायच्या अटी आणि फी यांचा उल्लेख आहे. बावन्न पानांच्या हिशेबाचा नाही. परवाना देताना ही अट घालायला आणि परताव्याचा आकडा यंत्रावर लावायला सांगायला सरकारला अडचण काय? फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांची काळजी त्यांनी घेतली. टेबलाशी उरला तो बाहेरचा पर्यटक, आणि त्यात घाट उतरून आलेला आपला माणूसही.